एका बिडीचं काम

"डब्याले तोटी बसवाची? एका बिडीचं काम हाये, बाई," असं नागोराव मिस्त्री म्हणाला आणि शुभदाने त्याच्यावर विश्वास ठेवला. कापसाच्या जिनिंगमधली मोठमोठी यंत्रं ज्याच्या शिवीला घाबरून चालतात, त्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? पुढे त्या कामात नागोरावाचं अख्खं बंडल संपलं, सासूबाईंच्या माहेरच्या तांब्याच्या गुंडाला भोक पडलं, शुभदाच्या नवऱ्यावर नोटीस निघाली, रामलालजींचं धोतर कामातून गेलं; आणि या सगळ्यांहून मोठं असं एक नुकसान झालं, ज्याची नोंद कुठेच नाही. पण ते त्याच्या जागी येईल. आधी डबा.

साल सत्तावन, महिना जूनचा. मृग कोरडा गेला होता. मुंबईकडून निघालेला नवा ताप रेल्वेने नागपुरात उतरला, आणि मग सर्व्हिस मोटारीने दिग्रसच्या वाटेवरच्या या गावात आला. रेडिओ त्याला इन्फ्लुएन्झा म्हणे, म्युनिसिपल कमिटीचं पत्रक 'साथीचा ज्वर' म्हणे आणि मोहल्ला नुसतं 'ते' म्हणे. "त्यांच्या घरी ते आलं म्हणते." जणू जावयाकडचा पाहुणाच!

शुभदाच्या घरात पाच महिन्यांची नलू होती. त्यामुळे तिला समोर येणारा प्रत्येक माणूस म्हणजे दोन हात आणि एक शिंक, एवढाच दिसू लागला होता. आणि नलूला हात न लावता परत जाईल असा माणूस त्या मोहल्ल्यात जन्मला नव्हता. गाल ओढणारे होते, हनुवटी हलवणारे होते, तपकिरीची बोटं नाकाशी नेऊन "छिंक पाहू, छिंक" म्हणणारे घरमालक रामलालजी होते.

तोटीची कल्पना खरं तर सत्यशीलाची. सत्यशीला सरकारी दवाखान्यातली नर्स. संक्रांतीला नलू पायाळू येत होती तेव्हा डॉक्टर दौऱ्यावर, आणि बाळंतखोलीत ही एकटी तेवीस वर्षांची पोरगी. तिने शुभदाला शिव्या घातल्या, धीर दिला, पुन्हा शिव्या घातल्या आणि नलूला सुखरूप बाहेर काढलं. नंतर दर गुरुवारी दुपारी ती मुलीला बघायला येऊ लागली. आधी वजनाचं निमित्त होतं. मग वजनाचा काटा दवाखान्यातच राहू लागला आणि सत्यशीला मात्र येत राहिली. तीन पायऱ्या एका दमात चढायची, पाळण्यातून नलूला उचलायची आणि आतल्या बाजूला ओरडायची, "शुभाताई, च्या मांडा!"

आदल्या दसऱ्याला ती आईला घेऊन नागपूरला जाऊन आली, दीक्षा घेतली, नाव बदललं. दवाखान्याच्या रजिस्टरात अजून जुनंच नाव होतं. शुभदाने मात्र पहिल्या दिवसापासून नवं नाव न चुकता घेतलं, आणि याबद्दल तिला स्वतःचं थोडं कौतुकही होतं. चहा ती तिला घरातल्याच कपात द्यायची. सत्यशीला गेल्यावर सासूबाई काहीएक न बोलता तो कप उचलायच्या, धुवायच्या आणि चुलीतला निखारा त्यावरून फिरवायच्या. तेवढा वेळ शुभदा नलूकडे फार बारकाईने बघत असे.

तर सत्यशीला म्हणाली, "शुभाताई, लेकराले हात लावाच्या आधी जो तो हात धूनच लावीन, असं करा. मग कलेक्टर असो का कोणी असो. अन् बादलीत हात नका बुडवू देऊ. वाहतं पानी पाहिजे. ओट्यावर तोटीचा डबा ठेवा. पाहा, मोहल्ला तुमचं पाहून शिकते की नाही."

मोहल्ला आपलं पाहून शिकतो आहे, हे चित्र शुभदाला फार आवडलं. माणसाचा घात नेहमी अशा चित्रानेच होतो.

नागोरावाने घासलेटच्या डब्याला तोटी बसवली. एका बिडीतच बसवली, खोटं कशाला बोला. पण डबा राखेने तीनदा घासूनही घासलेट ते घासलेटच. पहिल्या दिवशी हात धुतलेले सगळे पाहुणे कंदिलासारखे वास मारत घरात फिरले. शुभदाचा नवरा मधुसूदन जेवताना दर घासाला हात नाकाशी नेऊन पुन्हा ताटात ठेवत होता. सासूबाईंनी फर्मान काढलं, "या हाताने चुलीजवळ येऊ नका. पेटाल."

दुसरं भांडं हवं होतं, आणि घरात दुसरं मोठं भांडं एकच होतं: सासूबाईंचा गुंड. तांब्याचा, फुगीर पोटाचा, गळ्याशी आवळलेला. लग्नात उमरखेडहून बैलगाडीत मांडीवर घेऊन त्यांनी तो आणला होता. त्याला भोक पाडायचं म्हणजे सासूबाईंनाच पाडण्यासारखं. मधुसूदन म्हणाला, "आई, नलूसाठी." सासूबाईंनी गुंड पदराने एकदा पुसला. मग म्हणाल्या, "पाडा. मी देवघरात बसते. झालं की सांगा." आणि प्रत्येक ठोक्याला देवघरातून "राम" असा आवाज येत राहिला.

गुंडाचं पोट गोल, तोटीचं बूड सपाट. नागोरावाने भोक पाडलं ते तोटीपेक्षा मोठं झालं. मग त्याने सुतळी गुंडाळली, सफेदा लावला, चामड्याची चकती घातली, दोन बिड्या ओढल्या आणि म्हणाला, "थोडसंक गळन. तांब्यानं पानी पेलं का आपोआप बंद होईन." तांबं चांगलं तहानलेलं निघालं. वाड्याच्या विहिरीला दगड दिसू लागले होते, घरटी रोज दोन गुंड पाण्याचा नियम होता, आणि त्यातला एक गुंड ओट्यावर बसून थेंब थेंब रस्त्याला दान करत होता.

त्यातच शुभदाने कमिटीने वाटलेली लाल दवा पाण्यात टाकली. पत्रकात 'चिमूटभर' लिहिलं होतं. पण चिमूट कोणाची, हे लिहिलं नव्हतं. पाणी गुलाबी व्हायचं ते वांग्याच्या रंगाचं झालं. नेमके रामलालजी आले. शुभदाने पदर सावरून, शंभरदा घोकलेलं वाक्य म्हटलं, "आधी हात धुता का?" रामलालजींनी मोठ्या कौतुकाने हात धुतले, "वा बेटी, क्या रंग है!" म्हणाले आणि परीटघडीच्या धोतराला पुसले. संध्याकाळपर्यंत धोतरावर दोन तपकिरी पंजे उमटले. त्यांच्या मारवाडणीने ते धोतर मोहल्ल्यात चार घरी दाखवलं. "ये देखो, सफाई!"

घरमालकाला यापुढे हात धुवायला सांगायचं नाही, असं मधुसूदनने ठरवलं. ते बरोबरच होतं. मग मधुसूदनच्या कमिटीचे अध्यक्ष आले. आपल्या वरिष्ठाला 'हात धुवा' कोण म्हणणार? मग सासूबाईंच्या भजनातल्या बायका आल्या. त्या आंघोळ करून आलेल्या, त्यांना विचारणं म्हणजे अपमान. दूधवाला लखीराम म्हणाला, "बाई, माह्या हाताचं दूध तर लेकरू पेते, मंग हाताचं काय?" तोही सुटला. मधुसूदन तर घरचाच. पंधरा दिवसांत अशी स्थिती आली की नियम जागच्या जागी होता, गुंड होता, गुलाबी पाणी होतं, आणि ज्याने हात धुवावेत असा माणूस गावात एकही उरला नव्हता.

गळणं मात्र नियमित होतं. ओट्याखाली चिखल झाला, आणि सगळ्या गावात पाण्यासाठी वणवण चाललेली असताना रामलालजींच्या म्हशीला नेमकं हे तीर्थ सापडलं. ती येऊन त्यात बसली. सॅनिटरी इन्स्पेक्टरांनी म्हैस पाहिली, चिखल पाहिला, गुंड पाहिला आणि साथीच्या काळात सार्वजनिक रस्त्यावर डबके निर्माण केल्याबद्दल घरातल्या कर्त्या पुरुषावर नोटीस काढली.

आता हा कर्ता पुरुष त्याच कमिटीत आवक-जावक कारकून. स्वतःवरच्या नोटिशीवर त्याने स्वतःच वळणदार अक्षरात क्रमांक घातला, ती पिशवीत घालून घरी आणली, आणि चपला न काढता ओट्याखाली उभा राहून हाक मारली.

"मधुसूदनराव आहेत का?"

"अहो, हे काय? उन्हात काय उभे?"

"शुभदा, ऑफिसचं काम घरात मिसळायचं नसतं. मधुसूदनराव घरी आहेत का, तेवढं सांग."

"आत्ता येतील," शुभदा म्हणाली. काय करते!

मग तो चपला काढून वर आला, नोटीस घेतली, सही केली आणि एकदम मटकन बसला. "सहा वर्षं इमानाने नोकरी केली. मला नोटीस!" पुढचे दोन दिवस त्याने स्वतःशीच अबोला धरला होता.

तोटी काढावी लागली. नागोरावाने भोकात चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकली ("हे मात्र एका बिडीचंच हाये"), आणि मग पाणी घ्यायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. तो सासूबाईंनी सोडवला. "गुंडात कोणी हात घालायचा नाही. लोट्यालाही बाहेरच्याचा हात लागायला नको. आपण वर उभं राहायचं, लोट्याने वरून पाणी घालायचं, त्यांनी खाली उभं राहून हात धुवायचे. विषय संपला."

शुभदाने पत्रक काढून पाहिलं. कलम चार: 'एका भांड्यास अनेकांचे हात लागू देऊ नयेत.' अगदी शास्त्रशुद्ध! सासूबाई आणि आरोग्य खातं यांचं एकमत झालेलं ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती. तेवढ्यावरूनच तिला काहीतरी चुकतं आहे हे कळायला हवं होतं.

दवाखाना तापाच्या माणसांनी भरला होता, म्हणून सत्यशीलाचे दोन गुरुवार चुकले होते. तिसऱ्या गुरुवारी ती आली. डोळे खोल गेलेले, बगलेत छत्री, हातात औषधांची पिशवी. ओट्यावर रामलालजी आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर नलू त्यांच्या तपकिरीच्या डबीशी खेळत होती. सत्यशीलाला पाहताच शुभदाला कोण आनंद झाला! इतक्या दिवसांत आपल्या या खटाटोपाचं मोल कळणारं माणूस आलंच नव्हतं. आणि भीड ती कसली? ही तर आपलीच. हिला सांगायला संकोच कशाचा?

"थांब, थांब!" ती हर्षाने ओरडली. "तशी वर येऊ नकोस! तिथेच खाली उभी राहा!"

सत्यशीलाचा पाय पहिल्या पायरीवर होता. तिने तो खाली घेतला.

शुभदाने गुंडातून लोटा भरला, ओट्याच्या कडेला आली, वाकली आणि म्हणाली, "हं. कर हात पुढे."

सत्यशीलाने पिशवी खाली ठेवली, छत्री ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. वरून पाणी पडताना दिसलं तसे ते हात आपोआप जुळले, त्यांची ओंजळ झाली, आणि ती ओंजळ हळूच वर, हनुवटीपर्यंत आली. पिण्यासाठी येते तशी. तिने स्वतःच ते पाहिलं आणि थांबली. शुभदानेही पाहिलं. हे दृश्य तिने लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेलं होतं: ओट्यावर एक बाई, ओट्याखाली एक बाई, आणि मधे पाण्याची धार. फक्त वरची बाई आपण असू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. लोटा सरळ करावा एवढंही तिला सुचेना. पाणी पडतच राहिलं.

सत्यशीलाने ओंजळ सोडली. मान वर करून रामलालजींना विचारलं, "सेठजी, तुम्ही धुतले हात?"

"अरे बाई, हम तो घर के हैं," रामलालजी हसले. चांगलं मन होतं त्यांचं.

"हो," सत्यशीला म्हणाली. "घरचे."

मग तिने हात धुवायला सुरुवात केली. पिशवीतून स्वतःचा साबण काढला. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. शस्त्रक्रियेआधी धुतात तसे. "टाका," ती म्हणायची आणि शुभदा पाणी घालायची. "अजून टाका." दुसरा लोटा, तिसरा, चौथा. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि घरटी दोन गुंडांच्या त्या दिवसांतही एकेक लोटा नुसता मोजत राहिल्या. गुंडाचा तळ खरवडला गेला तेव्हा सत्यशीला थांबली, हात हवेतच वाळवले आणि वर आली.

तिने नलूला तपासलं. छाती ऐकली, घसा पाहिला, तपकिरीची डबी तिच्या मुठीतून सोडवून रामलालजींना परत दिली.

"तब्येत चांगली आहे मुलीची, बाई."

बाई. शुभाताई नाही.

"चहा टाकते," शुभदा म्हणाली.

"दवाखान्यात गर्दी आहे. येते."

तीन पायऱ्या ती एकेक करून उतरली.

त्यानंतरचे गुरुवार आले आणि गेले. शुभदा दुपारी चार वाजता चहाचं आधण ठेवायची, मग स्वतःच प्यायची. सल्ल्यांना तोटा नव्हता. मधुसूदन म्हणाला, "तिला जंतूंचं नीट समजावून सांग." जंतूंचं! तिला! सासूबाई म्हणाल्या, "आपण काय वाईट बोललो? हात धू म्हटलं, एवढंच." ते अक्षरशः खरं होतं, म्हणूनच त्याचं काही करता येत नव्हतं. शुभदाने चिठ्ठी लिहायला घेतली. 'तुझा गैरसमज झाला आहे' असं लिहून तिने वाचलं, आणि फाडलं. गैर असा कोणता समज झाला होता? साऱ्या गावात एकाच माणसाला नियम लागू झाला, आणि तो माणूस नेमका कोण, हे त्या माणसाला बरोबर समजलं होतं.

ताप आधी रामलालजींना आला, मग मधुसूदनला, सासूबाईंना, शुभदाला. एका नलूला सोडून सगळ्यांना. दवाखान्यातून कंपाउंडर आला, हात न धुता सर्वांच्या नाड्या पाहून गेला. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

अंगात थोडी ताकद आल्यावर, श्रावणातल्या एका गुरुवारी, शुभदा नलूला कडेवर घेऊन नाल्यापलीकडे गेली. सत्यशीलाच्या त्या वस्तीत ती पहिल्यांदाच जात होती. वाटेत तिने सगळं ठरवलं होतं. काही बोलायचं नाही. पायरीखाली उभं राहायचं, हात पुढे करायचे आणि म्हणायचं, 'घाल पाणी.' आपण असे ओंजळ करून उभ्या आहोत, सत्यशीला वरून पाणी घालते आहे, दोघींचे डोळे भरले आहेत, असं सगळं चित्र तिच्यासमोर होतं. तिच्या चित्रांबद्दल मागे सांगितलंच आहे.

घर नवं सारवलेलं. दारात सत्यशीलाची आई मथुराबाई तुरीची डाळ पाखडत होती. शुभदाला पाहून सूप ठेवून उठली. "अगं माय! नर्सबाईची शुभाताई न तुम्ही? अन् हे लेकरू तेच! या ना, वर या."

"सत्यशीला?"

"तिची बदली झाली न उमरखेडले. आठ दिवस झाले. तिनंच मांगून घेतली म्हणते. मी म्हटलं, काहून वं, येथं का वाईट हाये? तं म्हणे, कामाले कोठंही गेलं तरी सारखंच." मथुराबाई आत गेली आणि पाण्याने भरलेला लोटा घेऊन आली.

आता ठरवलेलं कोणासमोर करायचं? तरी एवढं चालून आलो आहोत म्हणून, आणि दुसरं काही सुचेना म्हणून, शुभदाने नलूला ओट्यावर बसवलं, स्वतः पायरीखाली उभी राहिली, वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

जन्मभर जी ओंजळीनेच पाणी प्यायली, त्या मथुराबाईला ती ओंजळ ओळखता आली नसेल असं नाही. पण तिने लोटा वाकडा केला नाही. तो तसाच शुभदाच्या हातात ठेवला.

"घ्या ना, तुम्हीच घ्या. मी कायले टाकू वरून? हात नाही काय तुम्हाले?"

शुभदाने लोटा धरला. थंड होता. तिने हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, उरलेलं प्यायली, आणि बराच वेळ लोट्याचं तोंड तोंडाला लावूनच उभी राहिली, म्हणजे मथुराबाईला चेहरा दिसू नये.

"माझ्याबद्दल काही म्हणाली होती का ती?"

"उन्हाळाभर तुमचंच नाव होतं तिच्या तोंडी. शुभाताई असं म्हणे, शुभाताई तसं म्हणे." मथुराबाईने पुन्हा सूप उचललं. "मंग ते साथीचं काम वाढलं, अन् बोलाले सवडच नाही राह्यली तिले."

घरी आली तेव्हा नागोराव ओट्यावर बसून गुंडाच्या भोकावर पत्र्याचं ठिगळ बसवत होता. सासूबाई देवघरात होत्या. "आता पाहा बाई, थेंब गळनार नाही," तो म्हणाला. पण ते ठिगळ पुढे कायमच पाझरत राहिलं. पाणी पडत नसे, नुसती ओल धरत असे. सकाळी पुसावं आणि दुपारी हात लावावा तर बोट ओलं.

शुभदा गुंडाशेजारच्या लोट्याकडे बघत पायरीवर बसली. त्या दिवशी हा लोटा सत्यशीलाच्या हातात द्यायचा होता. बस, एवढंच. एका बिडीचंही काम नव्हतं.